छापील पानांवरचा सुवर्णकाळ : क्वीन्स पार्क आणि जुनी नियतकालिके

एखाद्या काळाला 'सुवर्णकाळ' म्हणायचे ते कोणी आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात आपण वारंवार विचारतो. खेळाच्या इतिहासात मात्र तो फारसा विचारला जात नाही. तेथे विजयांची यादी असते, चषकांची संख्या असते, आणि आकडे स्वतःच बोलतात असा एक भाबडा समज असतो. वस्तुतः खेळ संपतो त्या क्षणी त्याचे अस्तित्वही संपते. मैदानावरचे गवत पुन्हा उभे राहते, प्रेक्षक घरी जातात. मागे उरते ते कोणीतरी लिहिलेले आणि छापलेले. चलच्चित्रांच्या आधीच्या काळाबाबत तर हे अधिकच खरे आहे. म्हणून एकोणिसाव्या शतकातील एखाद्या फुटबॉल संघाचा सुवर्णकाळ तपासायचा, तर आधी ज्या कागदावर तो उमटला तो कागद तपासायला हवा. ग्लासगो शहरातील क्वीन्स पार्क हा संघ अशा तपासणीसाठी उत्तम उदाहरण ठरतो.

९ जुलै १८६७ रोजी ग्लासगोच्या दक्षिण भागात काही तरुण एकत्र जमले आणि त्यांनी एक फुटबॉल क्लब स्थापन केला. नावाबद्दल मतभेद होते. काही सुचवण्या स्कॉटलंडच्या उत्तरेची आठवण जागवणाऱ्या होत्या, पण अखेर ज्या सार्वजनिक बागेच्या परिसरात ते खेळत तिचेच नाव अवघ्या एका मताच्या आधिक्याने स्वीकारले गेले. स्कॉटलंडमधील हा सर्वांत जुना संघटित फुटबॉल क्लब मानला जातो. त्याच्या आरंभीच्या दिवसांची कल्पना यावी म्हणून एकच तपशील पुरेसा आहे. १ ऑगस्ट १८६८ रोजी थिसल नावाच्या संघाशी त्यांचा पहिला सामना झाला. दोन्ही बाजूंना वीस-वीस खेळाडू, वेळ दोन तास, आणि क्वीन्स पार्कच्या चिटणिसाने प्रतिस्पर्ध्यांना पाठवलेल्या पत्रात एक नम्र विनंती, की आमचा चेंडू ऐनवेळी दगा देऊ शकतो, तेव्हा तुमचाही सोबत आणावा. सुवर्णकाळाचा आरंभ असा उसन्या चेंडूच्या तजविजीपासून होतो.

या क्लबचे फुटबॉलला दिलेले खरे देणे म्हणजे चेंडू एकमेकांकडे देत पुढे जाण्याची पद्धत. आज 'पास' हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो, त्यामुळे तो कोणी तरी घडवावा लागला हे ध्यानात येत नाही. त्या काळचा इंग्रजी खेळ प्रामुख्याने वैयक्तिक होता. एकाने चेंडू पायाशी खेळवत पुढे न्यावा, तो हिरावला गेलाच तर मागून धावत येणाऱ्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा मिळवावा, ही रीत. धिप्पाड शरीर आणि धक्का देण्याची ताकद यांना तेथे मोल होते. क्वीन्स पार्कजवळ मात्र आरंभीची काही वर्षे प्रतिस्पर्धीच नव्हते. सदस्यच आपापसांत दोन गट करून खेळत. एकमेकांच्या सवयी, धावण्याच्या दिशा, डाव्या-उजव्या पायाचे कौशल्य हे सारे त्यांना पाठ झाले. ऑफसाइडचा नियमही त्यांनी स्वतःपुरता थोडा सैल करून घेतला होता, त्यामुळे पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे चेंडू धाडणे शक्य झाले. एकाकीपणातून सहकाराची शैली जन्माला आली, असे या घडामोडीचे वर्णन करता येईल.

ही शैली लंडनने पहिल्यांदा पाहिली ती ४ मार्च १८७२ रोजी. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने सुरू केलेल्या चषक स्पर्धेचे ते पहिले वर्ष होते. चषकाच्या खर्चासाठी क्वीन्स पार्कने एक गिनी पाठवली होती, आणि लांबच्या प्रवासाचा विचार करून त्यांना थेट उपांत्य फेरीत खेळू देण्यात आले. केनिंग्टन ओव्हलवर वाँडरर्स या बलाढ्य संघाशी त्यांनी गोलशून्य बरोबरी साधली. सामना पुन्हा खेळणे भाग होते, पण लंडनमध्ये मुक्काम वाढवण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नव्हते. ते स्पर्धेतून बाहेर पडून गावी परतले आणि वाँडरर्स पुढे जाऊन विजेते ठरले. पराभूत न होता स्पर्धेबाहेर गेलेल्या या संघाची कीर्ती मात्र वृत्तपत्रांतून ग्लासगोला त्यांच्या आधीच पोहोचली होती.

येथे नियतकालिकांची भूमिका प्रथमच स्पष्ट होते. चार्ल्स ऑल्कॉक हे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस, तसेच १८६८ पासून निघणाऱ्या 'फुटबॉल अ‍ॅन्युअल'चे संपादक. खेळाचा संघटक आणि खेळाचा लेखक एकच. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्यांची कल्पना त्यांनीच उचलून धरली. १८७० मध्ये 'ग्लासगो हेरल्ड'ला पत्र लिहून त्यांनी स्कॉटलंडमधील खेळाडूंना आवाहन केले. लंडनमध्ये तसे काही सामने झालेही, परंतु त्यांतील 'स्कॉटिश' खेळाडू बहुतांशी लंडनवासीच होते. मग खुद्द स्कॉटलंडमध्ये सामना खेळवण्याची जबाबदारी क्वीन्स पार्कने घेतली. ३० नोव्हेंबर १८७२, म्हणजे स्कॉटलंडचा संतरक्षक सेंट अँड्र्यू याचा दिवस. ग्लासगोनजीक पार्टिक येथील क्रिकेटचे मैदान. एक शिलिंग प्रवेशमूल्य देऊन सुमारे चार हजार लोक जमले. स्कॉटलंडच्या बाजूने उतरलेले अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचे होते आणि त्यांच्या अंगावर क्लबचेच गडद निळे सदरे होते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचा निळा रंग आला तो येथून. एका क्लबने काही काळापुरते का होईना, राष्ट्राचे रूप धारण केले होते.

सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. जगातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना म्हणून तो आज ओळखला जातो. 'ग्लासगो हेरल्ड'च्या वृत्तान्तात दोन निरीक्षणे विशेष होती. इंग्रज खेळाडू वजनाने सरासरी दोन स्टोन, म्हणजे सुमारे साडेबारा किलो, अधिक भरत होते, आणि यजमानांचे बळ त्यांच्या एकत्र खेळण्यात होते. पुढच्या पन्नास वर्षांत ज्याला 'स्कॉटिश पद्धती' म्हटले गेले, तिचे बीज या साध्या नोंदीत आहे.

याच सामन्याची चित्रे १४ डिसेंबर १८७२ च्या 'द ग्राफिक' या लंडनच्या सचित्र साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. चित्रकार होते विल्यम राल्स्टन. मैदानावर छायाचित्रकार आला होता, पण छायाचित्रे विकत घेण्याची हमी खेळाडूंनी न दिल्याने तो निघून गेला, असे सांगितले जाते. परिणामी या ऐतिहासिक प्रसंगाची दृश्य स्मृती सर्वस्वी राल्स्टनच्या रेखाटनांवर अवलंबून आहे. तेव्हाची छपाईची रीत लक्षात घेतली पाहिजे. चित्र लाकडी ठोकळ्यावर उतरवले जाई. कोरक्ये ते बारीक हत्यारांनी कोरत आणि मोठे चित्र असल्यास अनेक ठोकळे एकत्र जोडले जात. पाहणाऱ्याचा डोळा, रेखाटणाऱ्याचा हात आणि कोरणाऱ्याचे हत्यार अशा तीन टप्प्यांतून खेळ वाचकापर्यंत पोहोचत असे.

राल्स्टनच्या पानावर अनेक छोटी दृश्ये आहेत. माणसे एकमेकांवर आदळत आहेत, तोल जात आहेत, चेंडूमागे धावपळ चालली आहे. त्यात मिस्किलपणाही आहे. ही चित्रे अत्यंत जिवंत आहेत यात शंका नाही. पण ती काय दाखवत नाहीत, हे पाहणे उद्बोधक ठरते. एक तर रंग. स्कॉटिश खेळाडूंच्या निळ्या सदऱ्यांवर लाल, कुंचीसारख्या टोप्या होत्या असे वृत्तान्त सांगतात. काळ्या शाईच्या ठशात निळाही काळा आणि लालही काळा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या गुणासाठी हा सामना संस्मरणीय ठरला, तो म्हणजे चेंडूचे एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जाणे, स्थिरचित्रात मावणारा नव्हता. झोंबी एका क्षणात दाखवता येते. पास ही दोन क्षणांमधली गोष्ट आहे. एक देणारा, एक घेणारा आणि मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचे चित्र कसे काढणार? म्हणून 'ग्राफिक'च्या पानावर आपल्याला दिसतो तो जुना, धडकाधडकीचा फुटबॉल. नवा फुटबॉल वार्ताहराच्या एका वाक्यात आहे. शब्द आणि चित्र यांनी एकाच दुपारच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या जपल्या आहेत.

यानंतरचा दोन दशकांचा काळ क्वीन्स पार्कच्या भरभराटीचा. मार्च १८७३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. त्याच वर्षी त्यांनी आपले स्वतंत्र मैदान घेतले. जवळच्या घरांच्या ओळीला हॅम्पडेन टेरेस असे नाव होते, त्यावरून मैदान झाले हॅम्पडेन पार्क. स्कॉटिश चषकाची पहिली तीन वर्षे, १८७४, १८७५ आणि १८७६, त्यांचीच. पुढे १८८०, १८८१, १८८२, १८८४, १८८६, १८९० आणि १८९३ मिळून एकूण दहा चषक. १८८३-८४ च्या मोसमात इंग्लंडच्या चषक स्पर्धेत त्यांनी क्रू अलेक्झांड्रावर दहा, मँचेस्टरवर पंधरा गोल चढवले, अ‍ॅस्टन व्हिलाला ६-१ असे हरवले आणि गतविजेत्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिकलाही ४-० असे नमवले. अंतिम सामन्यात मात्र ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून २-१ असा पराभव झाला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा पराभव, या वेळी २-०.

हा काळ आणि स्कॉटलंडमधील क्रीडा-नियतकालिकांच्या उदयाचा काळ एकच आहे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. १८८२ मध्ये 'स्कॉटिश अ‍ॅथलेटिक जर्नल' सुरू झाले, १८८४ मध्ये 'स्कॉटिश अंपायर' आले, आणि १८८८ मध्ये दोन्ही एकत्र होऊन 'स्कॉटिश स्पोर्ट' निघाले. सामन्यांचे वृत्तान्त, क्लबांच्या वार्ता, खेळाडूंची शब्दचित्रे, संघटनेच्या बैठकांतील वाद, वाचकांची भांडखोर पत्रे असा सारा मजकूर त्यांत असे. कारखान्यांना शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली होती, रेल्वे होती, साक्षरता वाढत होती. खेळ पाहणारा आणि खेळाबद्दल वाचणारा असा नवा वाचकवर्ग तयार झाला, आणि आठवड्याच्या आत विरून जाणारी दुपार सोमवारनंतरही जिवंत राहू लागली.

परंतु या पानांचा स्वर तटस्थ नव्हता. क्वीन्स पार्कचे बोधवाक्य लॅटिन होते : 'लुदेरे कौसा लुदेन्दी', खेळासाठी खेळणे. पैसे घेऊन खेळणे म्हणजे खेळाचा अधःपात, ही त्या क्लबची निष्ठा होती, आणि 'स्कॉटिश अ‍ॅथलेटिक जर्नल'नेही धनासाठी इंग्लंडात जाणाऱ्या खेळाडूंवर तिखट टीका केली. लँकाशायरमधील कापडगिरण्यांच्या गावांना पास देणारे स्कॉटिश खेळाडू हवे होते. १८७८ मध्ये पार्टिकचा फर्गस सूटर हा पाथरवट डार्वेनला गेला, पुढे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. १८८४ आणि १८८५ च्या त्या दोन्ही अंतिम सामन्यांत तो क्वीन्स पार्कविरुद्ध खेळला. म्हणजे ज्या स्कॉटिश खेळाची कीर्ती क्वीन्स पार्कने पसरवली, त्याच खेळाची मजुरी घेणाऱ्या एका स्कॉटिश कारागिराच्या संघाने त्यांना दोनदा रोखले. जुलै १८८५ मध्ये इंग्लंडने व्यावसायिकतेला मान्यता दिली. स्कॉटलंडमध्ये ती १८९३ मध्ये मिळाली. क्वीन्स पार्कने शेवटचा चषक जिंकला तो नेमका याच वर्षी.

येथे वाचकाने एक साधा प्रश्न विचारायला हवा. खेळासाठी खेळणे कोणाला परवडते? क्वीन्स पार्कचे सदस्य मुख्यत्वे व्यापारी, कचेऱ्यांतील नोकरदार, सुखवस्तू मध्यमवर्गीय होते. याउलट ग्लासगोच्या वायव्येला लेव्हन नदीच्या खोऱ्यात कापड रंगवण्याचे आणि छापण्याचे कारखाने होते. त्या कामकरी वस्तीतून व्हेल ऑफ लेव्हन हा संघ उभा राहिला. ३० डिसेंबर १८७६ रोजी क्वीन्स पार्कला हरवणारा पहिला स्कॉटिश संघ हाच, आणि १८७७, १८७८, १८७९ असे सलग तीन चषक जिंकणाराही हाच. त्याच खोऱ्यातील रेंटनने १८८५ आणि १८८८ मध्ये चषक मिळवला. क्वीन्स पार्कच्या विजयांच्या यादीत १८७६ आणि १८८० यांच्यामध्ये जी पोकळी दिसते, ती पोकळी नाही. तेथे रंगाऱ्यांची गावे आहेत. 'निर्मळ हौस' हे मूल्य थोर खरेच, पण ज्याला शनिवारची मजुरी बुडवून प्रवासाला जावे लागते त्याच्या मोबदल्याच्या मागणीला 'लोभ' म्हणणाऱ्या लेखणीचा वर्ग कोणता, हे ओळखल्याशिवाय ती पाने वाचता येत नाहीत.

या सुवर्णकाळातील सर्वांत लक्षणीय व्यक्ती कोण, असे विचारल्यास आज अनेक अभ्यासक अँड्र्यू वॉटसनचे नाव घेतील. त्याचा जन्म १८५६ चा, ब्रिटिश गयानातील डेमेरारा येथला. वडील साखरेच्या मळ्यांशी आणि व्यापाराशी संबंधित धनिक स्कॉट, आई हॅना रोज तेथील कृष्णवर्णीय स्त्री. इंग्लंडमधील चांगल्या शाळांत शिकून तो १८७५ मध्ये ग्लासगो विद्यापीठात आला. वडिलांच्या वारशाचे पैसे होते, म्हणून हौशी खेळाडूंच्या त्या सभ्य वर्तुळात त्याला प्रवेश मिळू शकला, आणि त्या साखरेच्या व्यवसायाचा पाया गुलामांच्या श्रमावर घातला गेला होता, हेही विसरता येत नाही. १८८० मध्ये तो क्वीन्स पार्ककडून खेळू लागला, पुढे क्लबचा चिटणीसही झाला. १२ मार्च १८८१ रोजी ओव्हलवर स्कॉटलंडचे नेतृत्व करताना त्याच्या संघाने इंग्लंडला ६-१ असे हरवले. मायदेशात इंग्लंडचा याहून मोठा पराभव आजतागायत झालेला नाही. वॉटसन तीन आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि तिन्ही जिंकला.

१८८०-८१ च्या स्कॉटिश फुटबॉल वार्षिकात त्याच्यावर एक छोटे टिपण आहे. देशातील उत्तम बचावपटूंपैकी एक, वेगवान, चेंडू हिरावण्यात तरबेज, खात्रीशीर आणि जोरदार किक असलेला, असा त्याचा आशय. त्या टिपणात त्याच्या वर्णाचा उल्लेख नाही. हे मौन दोन प्रकारे वाचता येते. समकालीन संपादकाने त्याला आधी खेळाडू म्हणून पाहिले, आणि एवढे तरी श्रेय त्या पानाला द्यावे लागते. मात्र काळ लोटला, त्याला पाहिलेली माणसे गेली, आणि तेच मौन विस्मृतीचे साधन झाले. केवळ नोंदी वाचणाऱ्याला 'ए. वॉटसन' हे इतर अनेक स्कॉटिश नावांसारखेच एक नाव. ब्रिटनमधील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू म्हणून दीर्घकाळ आर्थर व्हॉर्टन या गोलरक्षकाचे नाव घेतले गेले, जो वॉटसननंतर काही वर्षांनी नावारूपाला आला. वॉटसन पुढे जहाजांवर इंजिनिअर झाला आणि १९२१ मध्ये लंडनजवळ क्यू येथे वारला. त्याचा मृत्यू ऑस्ट्रेलियात झाला, असाच समज बरीच वर्षे रूढ होता. तो दूर झाला एकविसाव्या शतकात. शब्दांनी त्याचे कौशल्य जपले होते, संघाच्या समूहछायाचित्राने त्याचा चेहरा. जनगणनेची कागदपत्रे, जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनी वार्षिके आणि ती छायाचित्रे शेजारी-शेजारी मांडल्यावर माणूस पूर्ण झाला.

तात्पर्य, नियतकालिके इतिहास जपतात, पण त्यांनी जपलेला इतिहास आपोआप वाचला जात नाही. सुवर्णकाळ ही उपाधी तर बहुधा सोने संपल्यावरच दिली जाते. क्वीन्स पार्कच्या पहिल्या पन्नास वर्षांचा रिचर्ड रॉबिन्सन यांनी लिहिलेला बृहद् इतिहास १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शेवटच्या चषकाला सत्तावीस वर्षे उलटली होती. १८९० मध्ये सुरू झालेल्या स्कॉटिश लीगपासून हा क्लब दहा वर्षे दूर राहिला. १९०० मध्ये आत आला तोपर्यंत अग्रस्थान सेल्टिक आणि रेंजर्सकडे गेले होते. दरम्यान त्यांनी घडवलेली खेळाची रीत मात्र साम्राज्याच्या वाटांनी सर्वत्र पोहोचली. आपल्याकडे सिमल्यात १८८८ मध्ये झालेल्या डुरंड चषकाच्या पहिल्या अंतिम सामन्यातले दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचेच होते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वीन्स पार्कच्या सदस्यांनी मोठ्या बहुमताने हौशी दर्जा सोडण्याचा निर्णय घेतला. २०२० मध्ये हॅम्पडेनची मालकीही स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनकडे गेली. दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले व्रत असे संपले. कोणी याला तत्त्वाचा पराभव म्हणेल, कोणी उशिरा आलेले शहाणपण. फर्गस सूटर आणि लेव्हन खोऱ्यातील रंगारी यांना मात्र त्यात आश्चर्य वाटले नसते. त्यांचे म्हणणेही त्या जुन्या साप्ताहिकांत आहेच, टीकेच्या ओळींच्या उलट बाजूने वाचले तर. 'ग्राफिक'च्या चित्रात जशी दोन खेळाडूंमधली मोकळी जागा उमटली नाही, तशाच कितीतरी जागा त्या पानांवर कोऱ्या आहेत. त्या भरणे हे पुढच्या वाचकाचे काम आहे, आणि वॉटसनच्या बाबतीत ते काम व्हायला एका माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागला.